मूल वर्गात बोलत नाही आणि सगळ्यांनी त्याला 'मुका' ठरवून टाकलंय: शाळेत रोज अर्ध्या तासात काय करता येईल?

दोनशिक्षकी (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट २३. मुलं तीन ठिकाणांहून येतात: मूळ गाव, बंजारा तांडा आणि कोलाम पोड (कोलाम आदिवासींची वस्ती). त्यातली पाच-सहा मुलं वर्गात तोंडच उघडत नाहीत. सगळीच अभ्यासात मागे आहेत असंही नाही. दोघांची वही स्वच्छ, गणितं बरोबर, पण परिपाठात उभं केलं की मान खाली. खेळाच्या तासाला ही भिंतीला टेकलेली.

मला जास्त खटकतं ते दुसरंच. यांना काही विचारलं की बाकीची पोरंच उत्तर देतात, "सर, तो नाही बोलत, मुका आहे तो." पालकसभेत आईसुद्धा तेच सांगते, मुलाच्या देखत. मूलही आता तसंच मानून चाललंय.

प्रश्न तीन आहेत. स्वतःबद्दलचं असं मत मुलाच्या मनात तयार होतं कसं आणि चौथीपर्यंत ते बदलता येतं का? परिपाठ धरून रोज अर्धा तास हाती आहे, त्यात नेमकं काय करायचं? ('आत्मविश्वास वाढवा' हे प्रशिक्षणात पुष्कळ ऐकून झालंय, ते नको.) आणि यातलं नुसतं लाजरं मूल कोणतं, दवाखान्यात दाखवायला हवं असं कोणतं, हे कसं ओळखायचं?

---

बालविकास_अमरावती

सर, पहिल्या प्रश्नापासून सुरू करते. चार्ल्स कूली या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९०२ मध्ये मांडलं होतं की स्वतःबद्दलचं मत तीन टप्प्यांत तयार होतं. मी समोरच्याला कसा दिसत असेन, त्यावरून तो माझ्याबद्दल काय ठरवत असेल, आणि त्यातून मला वाटणारा अभिमान किंवा शरम. हे तिन्ही टप्पे मुलाच्या डोक्यात घडतात. समोरच्याच्या मनात खरोखर काय आहे, हे त्यात कुठंच येत नाही. म्हणून "आम्ही तर लाडानं म्हणतो मुका" असं आई म्हणाली आणि ते खरं असलं, तरी मुलाच्या उपयोगाचं नाही.

वयाचा हिशेब लक्षात ठेवा. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मूल आरशात स्वतःला ओळखतं. चारच्या आसपास त्याला कळू लागतं की मला माहीत आहे ते दुसऱ्याला माहीत नसू शकतं. सात-आठनंतर ते स्वतःला इतरांशी ताडून बघायला लागतं. पहिलीतलं पोरगं म्हणतं, "मला पळता येतं." तिसरीतलं म्हणतं, "मी सगळ्यांत हळू पळतो." तेच टोपणनाव पहिलीत जितकं लागतं त्यापेक्षा तिसरीत जास्त लागतं, ते यामुळे. बदलता येतं का? येतं. जे इतरांच्या वागण्यातून तयार झालंय ते इतरांचं वागणं बदललं की हलतं. पण सुरुवात मुलापासून करू नका, त्याच्या आजूबाजूच्यांपासून करा.

पहिलं काम, दुसऱ्याच्या वतीनं उत्तर द्यायला बंदी. वर्गाचा नियम एका वाक्यात सांगायचा: "ज्याला विचारलं तोच बोलेल, नाहीतर कोणीच नाही." "मुका म्हणू नका" असा नियम करू नका, त्यात तो शब्द रोज तुमच्याच तोंडून निघेल. पालकसभेत आईला बाजूला घेऊन सांगा. मुलासमोर त्याच्या स्वभावाची चर्चा नको, चांगलीही नको. पाहुण्यांनी नाव विचारलं आणि मूल गप्प राहिलं, तर आईनं मनात पाचपर्यंत मोजायचं. तरी नाहीच बोललं तर विषय बदलायचा, "लाजते थोडं" हे जोडायचं नाही.

दुसरं, तुमचं स्वतःचं थांबणं. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी सेकंदभरच थांबतात, असं त्यात दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबायला लागल्यावर उत्तरं लांब झाली आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागली. वर्गात तीन सेकंद फार लांब वाटतात. त्या वेळात फळ्याकडे वळू नका आणि मुलाकडे टक लावूनही बघू नका. प्रश्न पुन्हा विचारायचा मोहही आवरा, तो विचारला की मुलाचं डोकं पहिल्यापासून सुरू करतं.

तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं, असं काम द्या की इतरांना त्या मुलाकडे यावंच लागेल. झाडांना पाणी घालणं, चपला रांगेत लावणं ही कामं चांगली आहेत, पण ती एकट्यानं होतात. खडूची पेटी बघा. पेटी त्या मुलाच्या ताब्यात. ज्याला खडू हवा त्यानं येऊन मागायचा. यानं विचारायचं, "कोणता?" द्यायचा, वहीत नावापुढे खूण करायची, सुट्टीआधी परत मागायचा. दिवसाला आठ-दहा छोटी बोलणी होतात, प्रत्येक दोन-तीन शब्दांचं आणि प्रत्येकाला कारण आहे. चित्रांच्या पुस्तकांची पेटी, कात्री-डिंकाचा डबा, खेळाच्या साहित्याची चावी, यांनीही तेच साधतं.

हे काम तीन आठवडे एकाकडेच ठेवा. रोज बदललं तर वर्गाच्या डोळ्यांत ते त्या मुलाचं होत नाही, आणि पहिला आठवडा तर बुजण्यातच जातो. 'बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही' हे मॉनिटरचं काम मात्र या मुलांना चुकूनही देऊ नका, त्यातून नुसतं वैर वाढतं. शिवाय कापूस वेचणीच्या दिवसांत हजेरी तुटते, म्हणून प्रत्येक कामाला जोडीदार नेमलेला असावा. तो गैरहजेरीतच काम बघेल आणि मूल परतलं की पेटी लगेच त्याच्याकडे.

चौथं, तुमच्या बहुवर्ग शाळेचा फायदा घ्या. फुरमन, राहे आणि हार्टप यांनी १९७९ मध्ये एकलकोंड्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. काहींना वयानं लहान जोडीदाराबरोबर खेळायला दिलं, काहींना बरोबरीच्या. दोघांतच खेळायची सत्रं एकूण दहा. लहान जोडीदार मिळालेल्यांमध्ये फरक जास्त दिसला. कारण सरळ आहे: लहान मुलापुढे पुढाकार घ्यावा लागतो आणि चुकलं तरी हसणारं कोणी नसतं. तुमच्याकडे तिसरीतलं गप्प मूल आणि पहिलीतलं मूल एकाच खोलीत बसतात. आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं, काड्यांचे गठ्ठे मोजायला किंवा चित्र दाखवून गोष्ट सांगायला जोडी लावा. तुम्ही लांब राहा. जवळ उभे राहिलात की ती तोंडी परीक्षा होते.

कौतुकाबद्दल एवढंच की "वा, किती हुशार!" नको. म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत पाचवीच्या वयाची ज्या मुलांची हुशारी वाखाणली, ती पुढे अवघड कोडी आल्यावर लवकर खचली. मेहनतीबद्दल शाबासकी मिळालेली टिकून राहिली. बोलण्याच्या बाबतीत तर अजून एक अडचण आहे. गप्प मूल पहिल्यांदा बोलल्यावर सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या तर ते पुन्हा गप्प होऊ शकतं. उत्तर बरोबर असेल तर "बरोबर, पुढचं" म्हणा आणि पुढे जा.

---

गावकरी_७७

एवढं कायले करता सर? रोज एकाले परिपाठात उभं करा, दोन ओळी म्हणायले लावा. चार दिवस रडन, पाचव्या दिवशी भीड चेपते. आपल्याकडे असेच शिकले सगळे.

---

बालविकास_अमरावती

भाऊ, भीड चेपते हे खरंय, पण पायरी-पायरीनं. एकदम २३ जणांपुढे उभं केलं आणि मूल रडलं, तर वर्गानं पाहिलं काय? "हा रडतो." आधी 'मुका' होतं, आता 'रडका'. भीतीच्या जागी काहीच न होता वेळ गेला तर भीती उतरते. तिथून रडत सुटका झाली तर ती पक्की होते.

पायऱ्या अशा लावा: जोडीदाराच्या कानात उत्तर सांगणं, जोडीदारानं ते मोठ्यानं सांगणं. मग दोघांनी मिळून एका आवाजात. मग चौघांच्या गटात एकट्यानं. मग बसल्या जागेवरून वर्गाला. उभं राहून, समोर येऊन, ही शेवटची पायरी. एका पायरीवर सलग चार-पाच दिवस सहज जमलं की पुढची. मध्ये दिवाळीची सुट्टी आली तर एक पायरी खाली उतरून सुरू करायचं.

आणि नजरेला नजर भिडवणं हे माप लावू नका. मोठ्यांसमोर खाली बघणं ही आपल्याकडची रीत आहे, ते मूल नीटच वागतंय.

---

मैदानवाला

मास्तर, मी मैदानापुरतं सांगतो. पोट्टे भिंतीले टेकून काऊन उभे रायतात? कारण संघ पाडतानाच त्यायचा निकाल लागते. दोन गडी पुढे येतात, एकेकाले निवडतात, शेवटी जे उरते त्याले "घे बाप्पा तूच" म्हणून ढकलतात. हे रोज झालं तर कोणतं पोट्टं पुढे येईन?

जुनी रीत परत आणा. सारख्या ताकदीचे दोघं जोडी करतात, लांब जाऊन गुपचूप नावं ठेवतात, खांद्यावर हात टाकून येतात आन् विचारतात, "आंबा घेता का जांभूळ?" गडी एक नाव सांगते, ज्याचं ते नाव तो त्याच्याकडे, दुसरा समोरच्याकडे. कोणी शेवटचं उरत नाई आन् संघही बरोबरीचे होतात. जोडी जुळवताना तुमी फक्त एवढं पाहा की भिंतीवाल्या दोघांची जोडी लागली पाह्यजे, नाईतर कमजोर गडी कोण हे सगळ्यायले आधीच कळते.

दुसरी गोष्ट, २३ पोरांचा एकच डाव लावू नका. चार दांडगे चेंडू खेळतात, बाकीचे धावल्यासारखं करतात. पाच-पाच, सहा-सहांचे दोन डाव लावा. लगोरीले काय लागते? फुटक्या कवेलूचे (कौलाचे) सात तुकडे, मोठा खाली लहान वर, आन् एक रबरी चेंडू. फेकायची रेघ लहान्यांसाठी आठ-दहा पावलांवर, तीनदा फेकायची संधी. लगोरी घ्या म्हणतो कारण तिच्यात ओरडल्याबिगर भागत नाई. "इकडे फेक", "मागून आला", "रच, रच!" बोलायची भीती असलेलं पोरगं डावाच्या भरात बोलून जाते.

जॉर्ज हर्बर्ट मीड नावाच्या विचारवंतानं हेच सांगून ठेवलं होतं, त्याचे विचार त्याच्यामागं १९३४ मध्ये छापले गेले. भातुकलीत पोरगी एका वेळी एकच होते, आई नाईतर दुकानदारीण. नियमाच्या खेळात मात्र सगळ्या गड्यांच्या जागा एकाच वेळी डोक्यात ठेवा लागतात. लगोरी रचताना चेंडू कोणाच्या हातात हाय, आपला गडी कुठं, तो मले वाचवायले येईन का, हे सगळं. तिथून पोट्ट्याले कळते की मी दुसऱ्याच्या नजरेत कोणत्या जागेवर हाय.

चालू खेळात शिरायचं कसं, हे बी शिकवा लागते. "मी खेळू का?" विचारलं की "नाई" म्हणणं सोपं. खेळ थांबवून मधेच आपलंच सांगणारं पोरगं तर हमखास हाकललं जाते. लहान्या पोरायच्या गटांचं निरीक्षण करून १९८० च्या आसपास ज्यांनी अभ्यास केले त्यायलेही हेच दिसलं. जमते ते असं: जवळ जाऊन एक डाव नुसता पाहायचा. मंग खेळाले उपयोगी पडन असं कायतरी करायचं, लांब गेलेला चेंडू आणून देणं, पडलेले कवेलू गोळा करणं. मंग खेळाबद्दलच एक वाक्य, "अजून दोन रचायचे रायले." आन् ज्या बाजूले गडी कमी त्या बाजूले उभं राहायचं. खेळाच्या तासाच्या आधी पाच मिनिटं चार पोरं घेऊन याचं नाटक करा, एकदा चुकीचं, एकदा बरोबर. चुकीचं नाटक तुमी स्वतः करा, पोट्ट्याले करू देऊ नका.

भांडण झालं तर शिट्टी वाजवून निकाल देऊ नका. डाव थांबवा, दोन्हीकडून एक-एक जण एकदाच बोलन, नाई पटलं तर तोच डाव पुन्हा. बोलणारा दरवेळी नवा. जाँ पियाजे यानं १९३२ च्या पुस्तकात स्वित्झर्लंडच्या पोरायचे कंच्यांचे खेळ तपासले होते. लहान्यायले वाटे की नियम मोठ्यांनी करून ठेवले, बदलताच येत नाईत. दहा-बाराचे झाले की कळे, नियम आपण सगळ्यांनी मिळून ठरवतो. ही समज मास्तरच्या निकालानं येत नाई, भांडण मिटवूनच येते.

---

पोडावरची_ताई

सर, एक विचारू? त्या पाच-सहांपैकी पोडावरची किती?

कोलामी ही द्राविडी भाषा आहे, मराठीशी तिचा जवळचा संबंध नाही. घरात कोलामी ऐकून पहिलीत आलेलं मूल सुरुवातीचे काही महिने नुसतं ऐकतं. दुसरी भाषा शिकताना पुष्कळ मुलांना असा काळ येतो. मेळघाटात कोरकू मुलांचंही हेच, तांड्यावरची मुलंही घरी गोरमाटी बोलतात. मूल पोडावर मोकळं बोलतंय ना, एवढं एकदा स्वतः जाऊन बघा. तिथं ओरडून खेळत असेल तर ते मुकं नाही, मराठीत अजून नवं आहे.

करायचं काय: त्याच भाषेचं मोठं मूल शेजारी बसवा, ते दुभाषाचं काम करेल. आठवड्याला पाच वस्तूंची कोलामी नावं फळ्यावर देवनागरीत लिहा. उच्चार मात्र बाकीच्यांनी करायचा आणि बरोबर की चूक ते पोडावरच्या मुलानं सांगायचं. उलटं केलं, म्हणजे त्याला बोलायला लावून वर्गानं ऐकलं, तर हशा होतो आणि सगळं फिसकटतं. तुम्हीही उच्चार करा, तुमचा चुकेलच, आणि मास्तराची चूक काढायला मिळाली की गप्प मुलाचंही तोंड उघडतं.

---

डॉक्टर_गडचिरोली

तिसऱ्या प्रश्नाबद्दल.

आधी कान. 'ऐकत नाही, बोलत नाही' अशा मुलांत कान वाहणं आणि त्यामुळे कमी ऐकू येणं आपल्याकडे नेहमी सापडतं. पालकांना विचारा, पावसाळ्यात कान वाहतो का, टीव्ही मोठ्यानं लावतो का. वर्गात एक साधी तपासणी होते. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा म्हणजे ओठ दिसणार नाहीत. त्याला एक कान बोटानं बंद करायला सांगा आणि कुजबुजत तीन आकडे सांगा, ते त्यानं परत म्हणायचे. मग दुसरा कान. आकडे त्याच्या घरच्या भाषेत. बोलायला तयार नसेल तर बोटांनी दाखवू द्या. वारंवार चुकलं तर ऑडिओमेट्री (यंत्रानं कानाची तपासणी) हवी. ही फक्त चाळणी आहे, यावरून निदान करू नका.

लाजरं मूल आणि वेगळं मूल यांतला फरक भिंतीपाशीच दिसतो. लाजरं मूल खेळाकडे बघतं, कोणी पडलं तर हसतं, थोडं पुढे सरकतं, परत मागे जातं. त्याला जायचं असतं, भीती आडवी येते. ज्याला खेळात रसच नाही, हाक मारल्यावर वळत नाही, आवडलेली वस्तू कोणाला दाखवायला आणत नाही, एकच हालचाल किंवा वाक्य पुन्हा पुन्हा करतं, रोजचा क्रम बदलला की फार बिथरतं, त्याची स्वमग्नतेसाठी (ऑटिझमसाठी) तपासणी व्हायला हवी.

तिसरा प्रकार, घरी भरपूर बोलणारं पण शाळेत एक शब्दही न काढणारं मूल. शाळेचा पहिला महिना सोडून असं महिनाभर चाललं आणि भाषेची अडचण नसेल, तर त्याला निवडक अबोलपणा म्हणतात. हा हट्ट नव्हे, ही भीती आहे. वर 'बालविकास_अमरावती' यांनी दिलेल्या पायऱ्या याला लागू पडतात, पण जोडीला समुपदेशक हवा. "बोलल्याशिवाय डबा खायचा नाही" असले उपाय लोक करतात, त्यांनी नुकसानच होतं.

चौथा प्रकार सगळ्यांत आधी हातात घ्या. काल-परवापर्यंत बोलणारं मूल अचानक गप्प झालं, तर ते लाजरेपण नव्हे. घरात मृत्यू, दारू, मारहाण, कोणी त्रास देणं, काहीही असू शकतं. घाईनं, सगळ्यांदेखत विचारू नका. गरज पडली तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८.

पाठवायचं कुठे: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, अंगणवाडीत दोनदा. त्या दिवशी नावं आणि निरीक्षणं लिहून तयार ठेवा, कारण पथकाला एका मुलामागे फार वेळ नसतो. 'अबोल आहे' एवढंच लिहू नका. 'घरी बोलतो, शाळेत जूनपासून एकही शब्द नाही, डावा कान वाहतो' असं लिहा. पुढची सोय जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात असते.

---

वऱ्हाडी_माय

सगळं शाळेवरच टाकू नका सर. आपले सणही या कामाचे आहेत, तेही फुकट.

तान्ह्या पोळ्याला मूल लाकडी बैल घेऊन घरोघर जातं, बोजारा (पैसे किंवा खाऊ) मिळतो. आता पुष्कळ ठिकाणी आईच बैल ओढते, आईच बोलते, मूल नुसतं हात पुढे करतं. त्याऐवजी आदल्या दिवशी शाळेत तालीम घ्या. दारात थांबायचं, हाक मारायची, बैलाचं नाव सांगायचं, "बोजारा द्या" म्हणायचं, मिळाल्यावर "येतो काकू" म्हणून निघायचं. लाजऱ्या मुलाला पहिलं घर ओळखीचं द्या, बरोबर एकच जोडीदार. आई फाटकाबाहेर. बैलाबद्दल बोलायचं असल्यामुळे मुलाला स्वतःबद्दल बोलावं लागत नाही, म्हणून हे सोपं जातं.

भुलाबाई (मुलींचा गाण्यांचा सण) तर महिनाभर असते, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. गाणी सगळ्यांची मिळून, एकट्याचा आवाज उघडा पडत नाही. नंतर डबा वाजवून खाऊ ओळखायचा. "गोड का खारा?", "वाटीत का हातावर?" प्रत्येकीला प्रश्न विचारावाच लागतो आणि आधीच्या मुलीनं काय विचारलं तेही ऐकावं लागतं. फक्त पाळी ठरवून द्या, नाहीतर दोन आगाऊ पोरीच सगळा खाऊ ओळखतात. शाळेत शनिवारी मुलांना धरूनही हे खेळता येतं. डब्यात फुटाणे, मुरमुरे, एखादं बोर, आणि डबा गप्प मुलाच्या हातात. म्हणजे सगळे त्यालाच विचारतील, त्याला 'हो' किंवा 'नाही' एवढंच म्हणायचंय.

---

दोनशिक्षकी

खूप आभार सगळ्यांचे. ताई, पाचपैकी तीन पोडावरचीच आहेत, दोन गावातली. गावातल्या एकाचा कान वाहतो, हे आज वही काढून बघितल्यावर लक्षात आलं. मधल्या सुट्टीत खडूची पेटी आणि सकाळी जोडीवाचन असं बसवतो. दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. तिसरी-चौथीत गट पाडला की एक हुशार पोरगी सगळं करते, बाकीचे बघतात. आणि कोण कोणाच्या जवळ आहे हे ओळखायचं कसं? तांडा, पोड, गाव असे तीन कळप डोळ्यांना दिसतात, पण आतलं कळत नाही.

---

बालविकास_अमरावती

गटासाठी तुकडे-जुळणी. एलियट ॲरनसन यांनी ही पद्धत १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत बसवली. वेगवेगळ्या वंशांची मुलं तिथं नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांच्यात तणाव होता. तुमच्याकडे करायचं तर धडा 'कापूस' घ्या. चार पट्ट्या करा: पेरणी, डवरणी आणि फवारणी, वेचणी, जिनिंग (कापसातून सरकी काढणं). प्रत्येक पट्टीवर पाच-सहा ओळी. चौघांच्या गटात प्रत्येकाला एकच पट्टी, दुसऱ्याची बघायची नाही. मग सगळे 'वेचणी'वाले एकत्र बसून आपली पट्टी पक्की करतील, दहा मिनिटं. मग आपापल्या गटात परतून शिकवतील. शेवटी चारही भागांवर पाच प्रश्न, प्रत्येकानं एकट्यानं लिहायचे.

मधली दहा मिनिटं गाळू नका. कच्चं वाचणारं मूल तयारीविना गटात गेलं तर बाकीचे वैतागतात, आणि तुम्हाला जे मोडायचं होतं तेच पक्कं होतं. सुरुवातीला गटातलं कोणी हसलंच तर रागावू नका. एवढंच म्हणा, "जिनिंगचा प्रश्न येणार आहे आणि जिनिंग त्यालाच माहीत आहे." वेचणीची पट्टी पोडावरच्या किंवा तांड्यावरच्या मुलाला द्या. त्यानं बोंडं हातानं वेचलेली असतात, पट्टीत नाही तेही तो सांगेल. एका तासात फरक दिसणार नाही, आठवड्यातून दोनदा असं दोन-तीन महिने चालवा.

दुसऱ्या प्रश्नाला समाजमिती, डी.एड.ला शिकला असाल. जेकब मोरेनो यांनी १९३४ मध्ये मांडलेली. एकेका मुलाला बाजूला घेऊन विचारायचं, "सहलीला गाडीत कोणाशेजारी बसायला आवडेल? तीन नावं सांग." कागदावर लिहायला लावू नका, शेजारचा वाचतो. "कोण आवडत नाही?" हे कधीच विचारू नका. मग मोठ्या कागदावर प्रत्येकासाठी गोल, निवडलेल्याकडे बाण. सख्खी भावंडं एकमेकांची नावं घेतात, ते बाण वेगळ्या रंगानं काढा, नाहीतर चित्र फसवं दिसतं.

ज्याच्याकडे एकही बाण येत नाही ते मूल तुमच्या कामाचं. त्याला वर्गातल्या सगळ्यांत लाडक्या मुलाशेजारी बसवायची घाई होते, ते टाळा. लाडक्याला आधीच चार मित्र असतात, तो वळून बघत नाही. गप्प मुलानं स्वतः ज्यांची तीन नावं घेतली त्यांत ज्याच्याकडे एक-दोनच बाण आहेत, त्याच्याशी जोडी लावा. तांडा, पोड आणि गाव यांच्यात एकही बाण जात नसेल तर जोड्यांच्या आधी तुकडे-जुळणीचे गट मिसळा. कागद कपाटात कुलूप लावून ठेवा, केंद्रप्रमुखांनाही नावांसकट दाखवू नका, आणि दिवाळीनंतर नवा काढा. वेचणीमुळे निम्मी मुलं गैरहजर असतील त्या आठवड्यात काढू नका.